स्पॉल्टिंग : लाकडातील कवकरेषा

तोडलेल्या किंवा उन्मळून पडलेल्या झाडाच्या लाकडात कवके वाढून काळ्या रेघा, फिकट पट्टे वा रंगीत छटा उमटणे म्हणजे स्पॉल्टिंग. मराठीत त्याला रूढ शब्द नाही. सुतार ‘लाकूड बुरसलं’ म्हणतो आणि फळी बाजूला टाकतो. त्याचे फारसे चुकतही नाही, कारण ही कुजण्याचीच पहिली पायरी असते.

नांदेड जिल्ह्यातील भोकर, हिमायतनगर, किनवट या पट्ट्यातील पानझडी वनांत साग, सालई, धावडा, मोह, पळस ही झाडे आढळतात. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली गेला की कवकाची वाढ थांबते, त्यामुळे वैशाखाच्या उन्हात तापलेला ओंडका सुरक्षित असतो. तोच ओंडका मृगापासून पुढे जमिनीला टेकून भिजत राहिला की टेकलेल्या बाजूने काम सुरू होते. 20 ते 30 अंश सेल्सियस तापमान बहुतेक कवकांना मानवते. हवाही लागते, म्हणून पाण्यात पूर्ण बुडालेले लाकूड लवकर कुजत नाही.

सगळी लाकडे सारखी बळी पडत नाहीत. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात, त्यामुळे तिथे कवकाचे फारसे चालत नाही. सालीलगतचे पांढरे रसकाष्ठ मात्र सागाचेही कच्चेच. सालई तोडून साल न काढता ठेवली की चटकन निळसर पडते. हा निळा डाग पाडणारी कवके पेशींतली साखर व स्टार्च खातात, भिंतींना हात लावत नाहीत. त्यामुळे लाकूड विटके दिसले तरी फारसे कमजोर होत नाही. त्यांचे तंतू खरे तर गडद तपकिरी असतात. लाकडातून ते निळे दिसतात, इतकेच.

पांढरी कूज करणारी कवके लिग्निन फोडतात. लाकूड ठिकठिकाणी फिके पडते, पुढे नखाने दाबले तरी दबते. ट्रॅमेटिस व्हर्सिकलर हे त्यातले परिचित उदाहरण.

सर्वांत वेधक असतात त्या काळ्या रेषा. दोन कवके, किंवा एकाच जातीच्या दोन वेगळ्या वसाहती, समोरासमोर आल्या की मेलॅनिनने भरलेल्या तंतूंची घट्ट भिंत उभी राहते. शेजाऱ्यांनी घातलेला बांधच तो. फक्त इथे भांडण आधी आणि बांध नंतर. झायलेरियासारखी कवके मात्र एकटी असतानाही अशी भिंत घालून आतला ओलावा राखतात. झायलेरियाच्या एका जातीची काळी फळे लाकडातून वर येतात. इंग्रजीत तिला ‘मेलेल्या माणसाची बोटे’ म्हणतात. आपल्याला दिसते ती रेघ, पण मुळात तो ओंडक्यात आडवातिडवा पसरलेला पातळ पडदा असतो. म्हणून एकाच ओंडक्याच्या लागोपाठच्या दोन फळ्या शेजारी ठेवल्या तर दुसरीवरची रेघ जराशी सरकलेली दिसते.

डाग आणि नक्षी यांतला फरक गिऱ्हाइकावर ठरतो. इटलीत 15व्या-16व्या शतकांत लाकडी जडावकामासाठी क्लोरोसिबोरिया कवकाने हिरवे-निळे झालेले लाकूड मुद्दाम वापरत. तो रंग अजूनही टिकून आहे. आज कातारी आणि वाद्य बनवणारे काळ्या रेषांच्या लाकडाला जास्त पैसे मोजतात. आंब्याच्या लाकडात त्या चांगल्या उठतात.

कामापूर्वी असे लाकूड वाळवून कवक थांबवावे लागते. रंधा मारताना मऊ भाग खचतो आणि काळी रेघ तिथेच उंचवट्यासारखी राहते. भुसा श्वासावाटे जाऊ नये म्हणून तोंडावर फडके नव्हे, मास्क लावावा.

टेंभुर्णीचा काळा गाभा आणि शिसवातले गडद पट्टे यांत मात्र कवकाचा काही संबंध नाही; ते त्या झाडांचे मूळचेच रंग आहेत.