नाशिकमधील त्रिपुरी पौर्णिमा

त्रिपुरी पौर्णिमा हा कार्तिक शुद्ध पौर्णिमेस साजरा होणारा दीपोत्सव होय. तारकाक्ष, कमलाक्ष व विद्युन्माली या असुरबंधूंची तीन नगरे, म्हणजे त्रिपुर, शंकराने या दिवशी एकाच बाणाने भस्म केली, अशी पौराणिक कथा आहे. वाराणसीत याच तिथीस देवदिवाळी साजरी होते.

दीपोत्सव

नाशिकच्या पंचवटीत रामकुंड व गोदावरीच्या घाटांवर सायंकाळी पणत्या लावतात आणि पानांच्या द्रोणांत दिवे ठेवून ते नदीत सोडतात. मंदिरांपुढील दगडी दीपमाळाही उजळल्या जातात. जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे या दिवशी मंदिरापासून कुशावर्त तीर्थापर्यंत रथयात्रा निघते.

लोकपरंपरा

घरोघरी स्त्रिया कापसाच्या वाती हाताने वळतात. अशा ७५० वातींची ‘त्रिपुरवात’ तुपात भिजवून देवापुढे, विशेषतः शिवमंदिरात, लावण्याची प्रथा आहे.

स्त्रियांनी कार्तिकस्वामींचे दर्शन घेऊ नये, असा संकेत महाराष्ट्रात रूढ आहे. कार्तिक पौर्णिमा व कृत्तिका नक्षत्र यांचा योग मात्र त्यास अपवाद मानला जातो. त्यामुळे पंचवटीतील कार्तिकस्वामी मंदिरात या पर्वकाळात दर्शनासाठी येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते.

नदीवरील परिणाम

पानांचा द्रोण पाण्यात कुजून जातो. प्लास्टिक व थर्माकोलच्या वाट्या मात्र काठाशी साचून राहतात. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. त्यामुळे नदीत दिवे सोडण्यासाठी पारंपरिक द्रोणच अधिक सुयोग्य ठरतो.