वांझ या शब्दाचे पुल्लिंग

आमच्या वाड्यावर एका जुन्या घरात दोन आज्या राहायच्या. एकीला आम्ही मुले थोरली आजी म्हणायचो, दुसरीला धाकटी. दोघी एकाच माणसाच्या बायका. थोरलीला मूल होईना म्हणून देवळात कौल लावून झाले, नवस बोलून झाले, आणि शेवटी तिच्या नवऱ्याचे दुसरे लग्न लावून दिले. धाकटीचीही कूस उजवली नाही. नवरा कधीच वारला होता. त्याच्याविषयी लोक हळहळून बोलायचे, बिचाऱ्याच्या नशिबी दोन्ही वांझोट्याच आल्या म्हणून! बायका दोन आणि नवरा एक, हे साधे गणित कोणीच मांडले नाही. मी लहानपणी एकदा विचारले, तर आई "ओगी राव!" एवढेच म्हणाली.

पुढे लक्षात आले की हे गणित मांडायला आपल्या भाषेत शब्दच नाही. वांझ गाय असते, वांझ जमीन असते, वांझ बाई असते. वांझ पुरुष म्हणून पाहा, कानाला खटकते. पुरुषासाठी आपल्याकडे षंढ, नपुंसक असे शब्द आहेत, पण त्यांचा अर्थ निराळा. शरीरसंबंधाला असमर्थ असणे वेगळे आणि बीजात दोष असणे वेगळे. धडधाकट, मिशीला पीळ देणाऱ्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नसू शकतो.

कायद्यानेही हेच गृहीत धरले होते. पोर्तुगीज सरकारने 1880 साली गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांची संहिता काढली. तिच्यात हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभा होती. पत्नीला पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूलच झाले नाही, ही त्यातली एक अट. तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा नसणे, ही दुसरी. दोष कोणाचा, हा प्रश्नच त्यात नव्हता.

गंमत अशी की युरोपला शुक्रजंतू ठाऊक होऊन तेव्हा दोनशे वर्षे उलटली होती. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. स्वतः भिंगे घासून सूक्ष्मदर्शक करायचा त्याला नाद. 1677 साली योहान हाम नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने वीर्याचा एक नमुना आणून त्यात शेपटीचे जीव दिसत असल्याचे त्याला सांगितले. मग लेव्हेनहूकने स्वतःच्या वीर्यात ते पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. नमुना पापमार्गाने मिळवलेला नसून वैवाहिक संबंधातला आहे असा खुलासा त्याने केला, आणि विद्वानांना किळस येणार असेल तर पत्र छापू नका असेही कळवले. या विषयातला संकोच असा पहिल्या दिवसापासूनचा.

या जीवांचे काम काय, हे कळायला पुढची दोन शतके गेली. 1876 मध्ये ऑस्कर हर्टविगने समुद्री साळूच्या अंड्यात शुक्रजंतूचे केंद्रक आणि अंड्याचे केंद्रक एक होताना पाहिले. म्हणजे आमची संहिता निघण्याआधी अवघी चार वर्षे! शुक्रजंतू मोजून त्यांच्या संख्येवरून निदान करण्याची पद्धत तर 1929 नंतर रुळली.

या इतिहासातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग लेव्हेनहूकनंतर बरोबर तीनशे वर्षांनी घडला. कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप गावी कीटकनाशकांचा कारखाना होता. तेथे डीबीसीपी नावाचे रसायन हाताळले जाई. जमिनीत राहून मुळे खाणाऱ्या सूत्रकृमींना मारण्यासाठी ते केळी, अननस अशा पिकांना देत. आपल्यातल्या कोणालाच मूल होत नाही, हे कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यातून बाहेर आले. 1977 साली डॉ. डोनाल्ड व्होर्टन यांनी त्यांना तपासले. नसबंदी न झालेल्या 25 जणांपैकी 14 जणांच्या वीर्यात शुक्रजंतू एक तर नव्हतेच किंवा फार थोडे होते. त्यांचे टेस्टोस्टेरॉन मात्र ठीक होते. आवाज, दाढी, ताकद, इच्छा सगळे जागच्या जागी. बाहेरून काही कळावे तरी कसे?

या रसायनाने उंदरांचे वृषण आक्रसतात, हे 1961 सालीच छापून आले होते. कामगारांना कोणी सांगितले नाही. अमेरिकेने 1979 मध्ये बहुतेक वापर थांबवला, हवाईच्या अननसांसाठी तो 1985 पर्यंत चालू ठेवला. कोस्टा रिका, निकाराग्वा येथील केळीच्या मळ्यांतील हजारो मजूर पुढे कितीतरी वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले.

आज कारणांची यादी बरीच लांब आहे. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि त्यासाठी शरीरापेक्षा थोडे कमी तापमान लागते. वृषण शरीराबाहेर असतात ते म्हणूनच. त्यामुळे वृषणाच्या शिरा फुगणे, सतत उष्णतेजवळचे काम, वयात आल्यावर झालेले गालगुंड, शिशासारखे धातू, तंबाखू, हे सारे बाधते. वीर्यनलिका कधी बंद असते. कधी एक एक्स गुणसूत्र जास्तीचे असते, कधी वाय गुणसूत्राचा तुकडाच गळालेला असतो. दंड फुगवण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांचे शुक्रजंतू तर चक्क नाहीसे होऊ शकतात. मर्दपणाच्या औषधानेच बीज जाते!

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत संख्येची खालची मर्यादा एका मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख आहे, आणि चांगल्या आकाराच्या शुक्रजंतूंची फक्त 4 टक्के. तेव्हा रिपोर्टात वेडेवाकडे शुक्रजंतू दिसले म्हणून लगेच खचून जायचे कारण नाही. एका तपासणीवर निकालही लावायचा नसतो, ती पुन्हा करून पाहतात. मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो. त्याची पहिली तपासणी अगदी सोपी, ना सुई ना शस्त्रक्रिया. तरीही बाईच्या सगळ्या तपासण्या संपल्यावर नवरोबा कसेबसे तयार होतात, हे आपण आजही पाहतो.

थोरली आणि धाकटी शेवटपर्यंत एकमेकींना धरून राहिल्या. संध्याकाळी बलकांवावर बसून धाकटी थोरलीची वेणी घालायची. बारसे-डोहाळजेवणाला दोघींनाही कोणी बोलावत नसे. मी डॉक्टर नाही, त्या घरात दोष कोणाचा होता ते सांगण्याचा मला अधिकार नाही. पण तो प्रश्न एकदा तरी विचारला गेला असता तर निदान धाकटी त्या घरात आली नसती.

असो. घरात असा विषय निघाला, तर "ओगी राव" म्हणू नका, एवढेच सांगायचे होते.