पाटील : पदाचे झालेले आडनाव

'पाटील' हे मुळात आडनाव नव्हे. गावच्या मुख्याच्या वतनाचे ते नाव. जुन्या ताम्रपटांत व शिलालेखांत येणाऱ्या 'पट्टकिल' या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. गुजरातेतला 'पटेल' हा त्याचाच भाऊबंद. फारसी वळणाच्या कागदांत पाटलालाच 'मोकदम' म्हटलेले आढळते. गावची लावणी वाढवणे, सारा गोळा करून सरकारात भरणे आणि गावचा बंदोबस्त राखणे ही पाटलाची कामे होती. दप्तर कुलकर्ण्याकडे असे आणि मदतीला चौगुला. या चाकरीबद्दल पाटलाला इनाम जमीन, रयतेकडून ठरावीक हक्क आणि मानपान मिळत. होळी पेटवण्याचा किंवा पोळ्याला बैल पुढे नेण्याचा मान बहुतेक गावांत पाटलाच्या घराण्याकडे असे.

पद आणि आडनाव त्या काळी वेगळे होते. रांझे गावच्या पाटलाने बदअंमल केला म्हणून शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडवल्याचे १६४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. त्यात पाटील आहे बाबाजी गुजर, आणि पाटीलकी पुढे दिली गेली तीही गुजर घराण्यातच. महादजी शिंदे यांना १७८४ मध्ये मुघल बादशहाकडून 'वकील-इ-मुतलक' हे पद मिळाले, तरी ते स्वतःला पाटीलच म्हणवत आणि लोकही त्यांना 'पाटीलबावा' म्हणत.

वतन वंशपरंपरागत होते, शिवाय त्याच्या वाटण्या होत. निम्मी किंवा चौथाई पाटीलकी विकल्याची खरेदीखतेही सापडतात. कामगिरी एकाने केली तरी मान साऱ्या भाऊबंदांचा, त्यामुळे एका गावात पाटील म्हणवणारी अनेक घरे तयार झाली. वतन कोणत्याही एका जातीचे नसल्याने मराठा, लिंगायत, जैन, आगरी, कोळी अशा अनेक समाजांत आणि कर्नाटकातही हे आडनाव आढळते. काहींनी मूळ आडनाव टाकले, तर विखे पाटलांसारख्यांनी दोन्ही जोडून ठेवली.

इंग्रजी अमलात पाटील सरकारचा पगारी हस्तक बनत गेला आणि मुलकी पाटील व पोलीस पाटील अशी कामांची फोड झाली. स्वातंत्र्यानंतर १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातील वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील हे नेमणुकीचे पद ठरले. आज कोणत्याही आडनावाची व्यक्ती, स्त्रीसुद्धा, पोलीस पाटील होऊ शकते. आणि बहुसंख्य पाटलांचा गावकीच्या कारभाराशी संबंध उरलेला नाही.

विसाव्या शतकात या आडनावाला निराळी ओळख मिळाली. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून खेड्यांतल्या मुलांसाठी शाळा व वसतिगृहे उभी केली. क्रांतिसिंह नाना पाटील (१९००–१९७६) साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते होते. शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावे आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील याच सहकारी चळवळीतले. मांजरीची साखर संस्था त्यांचे नाव चालवते. प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. स्मिता पाटील (१९५५–१९८६) यांना 'भूमिका' आणि 'चक्र' या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. संदीप पाटील १९८३ च्या विश्वविजेत्या क्रिकेट संघात होते. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती' या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम क्रिकेटरसिकांना ठाऊक आहेच. गावोगावच्या पाटील गल्ल्या आणि पाटील वस्त्या मात्र अजून त्या जुन्या वतनाचीच खूण सांगतात.