भाग २३ : स्टेअरिंगचं वजन

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. चंद्रपूरहून आलापल्लीला निघालो होतो. जुनी डिझेल गाडी, मी चालवतोय, बाजूला बाबा. आष्टी मागे पडली, जंगल सुरू झालं आणि एका वळणावर खट्‌ आवाज आला. बॅटरीचा लाल दिवा लागला आणि स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. मला वाटलं, लॉक झालं! समोरून ट्रक.

बाबा शांतपणे म्हणाले, "घाबरून काहून राहिला बे? जोर लाव, वळते ते."

दोन्ही हातांनी ओढलं. खरंच वळलं. वेग कमी करत कडेला थांबलो. बॉनेट उघडलं तर बेल्ट तुटलेला.

बाबांनी गडचिरोलीत आयुष्यभर बिना पॉवर स्टेअरिंगची जीप चालवली. त्यांच्यासाठी ते वजन नॉर्मल होतं. मी बीटेक, पण मला ते माहीतच नव्हतं. म्हणून घरी येऊन इतिहास वाचला.

अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर पिअर्स-ॲरो कंपनीत ट्रकचं काम बघायचा. जड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे खांदे भरून यायचे. नोकरी सोडून त्याने तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बनवली आणि १९२६ मध्ये गाडीत बसवून दाखवली. पण मंदीच्या काळात मोठ्या कंपनीला ती महाग वाटली. दुसऱ्या महायुद्धात ती लष्करी गाड्यांत वापरली गेली. सर्वसामान्य ग्राहकाच्या कारमध्ये यायला १९५१ उजाडलं, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. १९८८ मध्ये सुझुकीने सर्व्हो या छोट्या कारमध्ये तेलाऐवजी इलेक्ट्रिक मोटर आणली. आज आपल्या बहुतेक नव्या गाड्यांत तीच असते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पंप किंवा मोटर फक्त मदत करते. साधारण गाड्यांत स्टेअरिंग आणि चाकं लोखंडी दांड्यांनी जोडलेलीच असतात. माझ्या गाडीत पंप आणि अल्टरनेटर एकाच बेल्टवर होते, म्हणून दिवा आणि वजन सोबतच आलं. मदत गेली, पण ताबा गेला नव्हता.

मग नॉर्मल कसं वाटायला पाहिजे? पार्किंगमध्ये हलकं. वेग वाढला की थोडं भारदस्त, हायवेवर पिसासारखं नको. डावीकडे-उजवीकडे सारखाच जोर लागावा. वळण संपल्यावर पकड सैल केली की चाक आपोआप सरळ होऊ पाहतं. टोकापर्यंत फिरवल्यावर तेलाच्या पंपाचा थोडा घरघराट येतो, पण तिथे धरून ठेवू नका. एरवीच वळवताना कुंई-कुंई आवाज येत असेल तर तेल आणि बेल्ट बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरची हवा. इलेक्ट्रिक असेल तर डॅशबोर्डवरचा स्टेअरिंगचा दिवा दुर्लक्षू नका.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो, जंगलात कित्येक ठिकाणी फोनला रेंज नाही. तिथे मेकॅनिक आधी तुम्हीच.

बाबा आता माझी नवी गाडी चालवतात आणि म्हणतात, "लय हलकी आहे, काही सांगतच नाही." त्यांच्या जीपचं स्टेअरिंग खड्डा, चिखल, कमी हवा, सगळं हाताला सांगायचं. आज रिकाम्या रस्त्यावर दोन मिनिटं तुमच्या स्टेअरिंगकडे लक्ष द्या. ते काय सांगतंय, मला कळवा. भेटू पुढच्या भागात!