काठी कोणी द्यायची?

उर्दूत ‘असा’ म्हणजे काठी आणि मराठीत ‘असा’ म्हणजे या प्रकारचा. शब्द सारखा ऐकू आला म्हणून अर्थ एक होत नाही. ख्रिस्ती बिशपच्या काठीच्या बाबतीतही लोकांची अशीच गफलत होते.

या काठीला इंग्रजीत ‘क्रोझियर’ म्हणतात. हे नाव क्रॉसवरून, म्हणजे क्रुसावरून आले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते वाकड्या टोकाच्या काठीसाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आले. आधी काठी धरून चालणाऱ्या सेवकाला क्रोझियर म्हणत, पुढे तेच नाव काठीला पडले.

काठीचा आकार मेंढपाळाच्या आकड्याचा आहे. लोक म्हणजे कळप आणि बिशप त्यांचा राखणदार, असा त्यामागचा भाव. इसवी सन ६३३ मधल्या स्पेनमधील टोलेडोच्या धर्मपरिषदेच्या नियमांत बिशपच्या अंगठीबरोबर या काठीचाही उल्लेख आहे.

पण बिशपांकडे जमिनी आणि सत्ता आली, तेव्हा ही काठी त्यांना द्यायची कोणी, हा प्रश्न उभा राहिला. राजे स्वतःच्या हाताने अंगठी आणि काठी देऊन बिशप नेमू लागले. पोप सातवे ग्रेगरी यांनी त्याला विरोध केला. त्या झगड्यात बहिष्कृत झालेला राजा चौथा हेन्री १०७७ च्या हिवाळ्यात माफी मागायला इटलीतल्या कानोसाच्या किल्ल्यापाशी गेला. तरी तंटा मिटला नाही. ११२२ मध्ये वर्म्स येथे समझोता झाला. सम्राटाने अंगठी आणि काठी देण्याचा हक्क सोडला. जमीनजुमल्याचे अधिकार मात्र तो राजदंडाने देत राहिला. धर्माची काठी आणि राज्याचा दंड वेगळे झाले.

पुढे हे नाव चर्चबाहेरही गेले. नेच्याचे कोवळे, गुंडाळलेले पान आकाराने काठीच्या टोकासारखे दिसते, म्हणून वनस्पतिशास्त्रात त्याला क्रोझियर म्हणतात. काही बुरशींच्या आकड्यासारख्या वळलेल्या पेशींनाही हेच नाव आहे. क्रोझियर हे आडनावही आहे. फ्रान्सिस क्रोझियर हा आयरिश दर्यावर्दी. अंटार्क्टिकातले केप क्रोझियर त्याच्याच नावाचे. १८४५ मध्ये तो ‘टेरर’ जहाज घेऊन उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात गेला आणि परतला नाही. लॅटिनमध्ये काठीला ‘बाक्युलुस’ म्हणतात. त्याचे लघुरूप ‘बॅसिलस’, म्हणजे छोटी काठी, आज काठीसारख्या आकाराच्या जिवाणूंचे नाव आहे.

आपल्याकडेही अनेक मशिदींत जुम्याचा खुतबा देताना खतीब हातात असा धरतात. कुरआनात सूरह ताहामध्ये अल्लाह हजरत मूसा अलैहिस्सलाम यांना हातात काय आहे असे विचारतो. ते सांगतात की ही माझी काठी आहे, तिच्यावर मी टेकतो, तिने मेंढरांसाठी पाला पाडतो आणि तिचे आणखीही उपयोग आहेत. त्या उत्तरात टेकण्याबरोबर लगेच मेंढरांची आठवण आहे, हुकूमाचा मात्र उल्लेख नाही.

मशिदीच्या ट्रस्टवर कोणी बसायचे यावरून मोहल्ल्यात वाद पेटतात, तेव्हा मला वर्म्स आठवते. काठी कोणाच्या हाती जावी यावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या भांडतात. ती हाती आल्यावर मेंढरांसाठी पाला किती पडला, हेही त्याच हिरीरीने विचारले पाहिजे.