घाणेरीचे निर्मूलन आणि ग्रामसभेचा वनहक्क

घाणेरी (टणटणी, लॅन्टाना) मूळची अमेरिका खंडातील. ब्रिटिश काळात ती बागेतील शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणली गेली. आज हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंतच्या जंगलांत ती पसरली आहे.

तुमचे नुकसान कसे होते?
• दाट झुडपांखाली गवत व स्थानिक झाडांची रोपे वाढत नाहीत. हरीण, गवा यांचा आणि तुमच्या गुरांचाही चारा कमी होतो.
• पाने खाल्लेल्या गुरांना कावीळ होते व उन्हात कातडी सोलवटते. अशा जनावराला सावलीत बांधा व पशुवैद्यकांना दाखवा.
• उन्हाळ्यात वाळलेल्या झुडपांमुळे वणवा भडकतो.

तुम्हाला कोणता हक्क आहे?
वनहक्क कायदा, 2006 नुसार गाव परंपरेने राखत व वापरत आलेल्या जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क मिळतो. कर्नाटकातील बिळिगिरीरंगन टेकड्यांच्या व्याघ्र प्रकल्पात सोलिगा आदिवासींना 2011 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले.

दावा कसा कराल?
1. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते. समितीत 10 ते 15 सदस्य असतात. किमान एक-तृतीयांश महिला हव्यात.
2. नमुना 'सी' भरून किमान दोन पुरावे जोडा. ज्येष्ठ ग्रामस्थांचा लेखी जबाब हाही पुरावा धरला जातो.
3. समिती जागेची पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते. दावा उपविभागीय समितीमार्फत जिल्हास्तरीय समितीकडे जातो.
4. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसल्यास 60 दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करा.

घाणेरी कशी काढावी?
• नुसती छाटू नका. ती पुन्हा फुटते. कुदळीने मातीखाली मुख्य मूळ तोडा.
• उपटलेले झुडूप मुळे वर करून उलटे ठेवा, म्हणजे फांद्या जमिनीत रुजणार नाहीत.
• फळे धरण्यापूर्वी काम करा. पक्षी फळे खाऊन बी पसरवतात. म्हणून पुढील काही पावसाळे मोठ्या झाडांखाली उगवलेली रोपे उपटा.
• मोकळ्या जागेत लगेच स्थानिक गवताचे बी पेरा.

लक्षात ठेवा: हक्क मान्य होण्यापूर्वी वनजमिनीवर काम करायचे असल्यास वन विभागाची परवानगी घ्या. हक्क मिळाल्यावर घाणेरी काढण्याचे काम ग्रामसभेच्या व्यवस्थापन आराखड्यात लिहून घ्या.