उसना गुरुजी

शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, तसा आपल्या सरकारने १९७५ साली अमेरिकेकडून चक्क उपग्रह उसना आणला! मुदत १ ऑगस्टपासून बरोबर एक वर्ष. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही बसले. जिथे खडू जपून वापरायचा, तिथल्या पोरांना रोज सकाळी ३६,००० किलोमीटरवरून धडे येऊ लागले. तेही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या छत्रीतून! याच वाटेने प्राथमिक शिक्षकांनाही विज्ञान शिकवलं. मुदत भरताच अमेरिकेने उपग्रह परत नेला. शिकलेले शिक्षक मात्र वर्गातच राहिले. आम्हा बँकवाल्यांना न उमगणारं कर्ज हे! मुद्दल परत गेलं, व्याज कर्जदाराकडेच राहिलं.